शेलापागोट्यांचा डबा

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थिनी मेळाव्यातील भाषण)



सभागृहाच्या दाराशी मेजावर ठेवलेला पत्र्याचा डबा आत येताना बहुतेकींनी पाहिला असेल. काहींनी त्याला हात लावून पाहिला, आणि दोघी-तिघींनी तर तो हलवून आत काही वाजते का याचीही खात्री करून घेतली. कधीकाळी त्यात वनस्पती तूप येत असे. झाकणाला लहानसे कुलूप आहे, मधोमध बोटभर फट आहे आणि निळ्या तैलरंगाचे इतके थर चढले आहेत की मूळचे चित्र कशाचे होते हे आता कुणालाही सांगता यायचे नाही. साठ वर्षांत शाळेची इमारत वाढली, गणवेशाचा रंग बदलला, अकरावीला संपणारी शाळा बारावीपर्यंत गेली. डबा मात्र तोच राहिला. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत 'शाळेच्या परंपरा' असा भारदस्त विषय छापलेला आहे. त्यांपैकी शारदोत्सव, हस्तलिखित आणि वक्तृत्वस्पर्धा यांवर इतर वक्ते बोलणारच आहेत. येथे केवळ या डब्याविषयी.

शेला आणि पागोटे ही मानाची वस्त्रे. ज्याचा गौरव करायचा त्याच्या खांद्यावर शेला आणि मस्तकी पागोटे चढवावे, ही जुनी रीत. मराठी शाळा-महाविद्यालयांनी हा मान उलटा करून घेतला. निरोपाच्या दिवशी वर्गभगिनींनी निनावी चिठ्ठ्या लिहायच्या, त्यांत एकमेकींची थट्टा करायची, पुढच्या आयुष्याचे भविष्य वर्तवायचे आणि जिच्यावर चिठ्ठी निघेल तिने व्यासपीठावर येऊन तो आहेर स्वीकारायचा, याला शेलापागोटे म्हणू लागले. महाविद्यालयांत त्यालाच फिशपॉन्ड हे नाव पडले. इंग्रजी जत्रांतून हौदात गळ टाकून बक्षीस पकडण्याचा मुलांचा एक खेळ असे, त्यावरून ते आले असावे. आपल्याकडे गळाला मैत्रीण लागते, एवढाच फरक. अमेरिकेतील शाळांमध्येही निरोपाच्या वेळी साऱ्या वर्गाचे भविष्य विनोदाने वाचून दाखवण्याची प्रथा होती. तेव्हा सतरा वर्षांच्या मुलींना एकमेकींचे भविष्य सांगण्याची जी अनावर हौस असते, ती काही केवळ मराठी नव्हे.

परंतु या शाळेतील शेलापागोट्यांना या मातीचा एक वेगळा वास होता, हे मान्य केले पाहिजे. माळव्यात होळी आली की वर्तमानपत्रे गावातल्या मोठ्या माणसांना उपाध्या वाटतात. शेजारच्या उज्जैनला एप्रिलच्या पहिल्या तारखेला टेपा संमेलन भरते आणि भल्याभल्यांना तेथे आनंदाने मूर्ख ठरवून घ्यावे लागते. भाद्रपदाच्या पितृपंधरवड्यात येथल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात आणि तिच्या सासरावरून तिला चिडवणारी गाणी म्हणतात. तो पंधरवडा संपला की दुसऱ्याच दिवशी मराठी घरांच्या अंगणात भोंडला सुरू होतो. तिथेही गाण्यांत सासर आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ. शाळेच्या मुली सकाळी एका भाषेत चिडवणे शिकत आणि संध्याकाळी दुसऱ्या भाषेत. अशा मुलींच्या हाती कागद आणि पेन्सिल दिल्यावर दुसरे काय होणार?

निरोप समारंभ फेब्रुवारीत असे, बोर्डाच्या परीक्षेच्या आधी. खालच्या वर्गाच्या मुली वर्गणी काढून शेव, बुंदीचे लाडू आणि चहा यांची व्यवस्था करीत. आधी भाषणे, मग रडणे आणि मग डबा, असा क्रम ठरलेला होता. एके वर्षी कुणाच्या तरी आग्रहाखातर डबा आधी उघडला. परिणामी प्रमुख पाहुणे जीवनाच्या खडतर वाटेवर बोलत असताना मागच्या रांगेत कागदी पागोटे या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत होते. पुढच्या वर्षी क्रम निमूटपणे पूर्ववत झाला. शेला शाळेच्या नाटकांच्या पेटीतला, जर काळवंडलेला. पागोटे मात्र दरवर्षी नवे, वर्तमानपत्राचे.

या चिठ्ठ्या एरवी केव्हाच केराच्या टोपलीत गेल्या असत्या. त्या उरल्या त्या मराठीच्या बाईंमुळे. डबा समारंभाच्या चार दिवस आधी उघडायचा, प्रत्येक चिठ्ठी स्वतः वाचायची, मंजूर झालेली एका लांब रजिस्टरात उतरवून घ्यायची आणि नामंजूर केलेलीचे केवळ कारण लिहून ती फाडून टाकायची, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या निवृत्त झाल्यावर पुढच्या शिक्षिकांनी तो तसाच चालवला. शाळेच्या कपाटात आज अशी तीन रजिस्टरे आहेत. हिशेबाच्या वह्यांपेक्षा ती अधिक काळजीपूर्वक लिहिलेली आहेत, हे संस्थेच्या कोषाध्यक्षांनी मनावर घेऊ नये.

त्यांतला थोडा माल येथे मांडायला हवा. सदैव उशिरा येणाऱ्या एका मुलीवर चिठ्ठी आहे: 'मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली. तेवढ्यात नवरी धापा टाकीत आली आणि म्हणाली, बाई, टेम्पोच मिळाला नाही!' दुसऱ्यांच्या डब्यांवर डोळा असणारीवर दोन ओळी आहेत:

'वही आमची, पेन आमचे, डबाही आमचाच खाते;
सासरी जाताना पाहू, ही कुणाचे काय नेते!'

तास संपत आला असता 'बाई, गृहपाठ द्यायचा राहिला' अशी आठवण करून देणारी एक मुलगी प्रत्येक वर्गात असतेच. १९७९ च्या अकरावीत अशा मुलीवर लिहिले गेले: 'यमराज चुकून हिच्या घरावरून पुढे निघून गेला, तर ही गच्चीतून हाक मारील, अहो, आमचा नंबर राहिला!' ही चिठ्ठी मंजूर करताना बाईंनी बराच विचार केला असावा. समासात आधी प्रश्नचिन्ह आहे, मग ते खोडून 'असो' असे लिहिले आहे.

त्याच वर्षीची आणखी एक चिठ्ठी इंदुरी मराठीवर आहे. हिंदीच्या शेजारात वाढलेली येथली मराठी 'करून राहिली', 'जाऊन राहिली' असे बोलते आणि त्याबद्दल पुण्याच्या पाहुण्यांकडून बोलणी खाते, हे सर्वांना ठाऊक आहे. चिठ्ठी अशी: 'ही पुण्यात नांदायला जाईल. पहिल्याच दिवशी म्हणेल, आई, मी भाजी चिरून राहिली आहे. सासूबाई विचारतील, चिरून झाल्यावर कुठे राहणार आहेस?' ज्या मुलीवर हे लिहिले गेले ती पुण्याला गेलीच नाही. लग्न होऊन तीन गल्ल्या पलीकडे गेली आणि आजही, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, इंदुरातच राहून राहिली आहे. टेम्पो न मिळालेली मुलगी पुढे रेल्वेच्या नोकरीत लागली. गाडीच्या विलंबाची सूचना देताना तिच्या आवाजात कधीही संकोच जाणवत नाही, असे तिच्या मैत्रिणी सांगतात.

रजिस्टरे ओळीने वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. मुलींनी एकमेकींचे स्वभाव अचूक टिपले, पण नशिबे ओळखण्यात मात्र त्या वारंवार चुकल्या. त्याचे कारण शोधायला दूर जायला नको. पहिल्या पंधरा-वीस वर्षांच्या चिठ्ठ्यांत नवरा क्वचित आहे, सासू जवळजवळ प्रत्येकीत आहे. नवरा कसा असतो याची त्या वयाला कल्पना नव्हती. सासू कशी असते हे मात्र घरात आईच्या चेहऱ्यावर रोज वाचलेले होते. पुढे सासूच्या जोडीला बँक येते. नंतर संगणक येतो, मग पुणे, बंगळूर, अमेरिका. भविष्य सांगायला आयुष्याचे जेवढे नमुने डोळ्यांसमोर होते, त्यांतलाच एकेक नमुना उचलून मुलींनी मैत्रिणीच्या हाती दिला. या शाळेच्या मुलींपैकी कुणी स्वतःचा कारखाना काढील, कुणी लग्न न करता भावाची मुले वाढवील, कुणी चाळिशीनंतर पुन्हा महाविद्यालयात जाऊन बसेल, असे एकाही चिठ्ठीत नाही. हे सारे पुढे घडले, आणि त्या सर्वजणी आज या सभागृहात बसल्या आहेत. दुःखाचे भविष्यही कुणी कुणाला सांगितलेले नाही. आजारपण नाही, वैधव्य नाही, माहेर तुटणे नाही. तो अनुभवाचा अभाव म्हणावा की त्या वयाचा शिष्टाचार, हे ठरवणे कठीण आहे.

मंजूर चिठ्ठ्यांहून नामंजुरीचा रकाना अधिक वाचनीय आहे. 'रंगावरून. नाही.' 'उंचीवरून. नाही.' 'वडिलांच्या दुकानावरून. नाही.' 'दुसऱ्यांदा त्याच वर्गात बसल्यावरून. मुळीच नाही.' 'चष्म्यावरून. विचारून.' आणि पुढे, दुसऱ्या दिवशीच्या शाईत, 'विचारले. हसली. चालेल.' मुलींना बाई सांगत, की जे तुमच्या मैत्रिणीला उद्या सकाळी ठरवून बदलता येईल त्यावर खुशाल हसा. जे तिच्या हातात नाही त्याला हात लावायचा नाही. उशीर, आळस, बडबड, दुसऱ्याच्या डब्यातले लोणचे, हे सारे चाले.

तरीही हा नियम एकदा फसला. एका मुलीवर चिठ्ठी आली, की ही रोज त्याच रिबिनी बांधते. सासरी गेल्यावरही नवऱ्याला ही कोण हे ओळखायला चेहरा पाहावा लागणार नाही. रिबीन ही बदलता येण्याजोगी वस्तू, म्हणून बाईंनी ती मंजूर केली. समारंभात ती वाचली गेली, सभागृह हसले, मुलीने शेला-पागोटे घेतले आणि लाडू न घेता ती घरी निघून गेली. तिच्याकडे रिबिनींचा दुसरा जोड नव्हता. रजिस्टरात त्या चिठ्ठीसमोर तांबड्या शाईने दोनच शब्द आहेत: 'चूक माझी.' बाईंनी पुढच्या रविवारी तिच्या घरी जाऊन काय बोलणे केले, याची नोंद नाही. मात्र ती मुलगी परीक्षेला बसली आणि तीन वर्षांनी धाकट्या बहिणीला याच शाळेत घेऊन आली.

यापेक्षाही अवघड प्रसंग १९७९ चा होता. वर्गात ४१ मुली. डबा उघडला तेव्हा ९३ चिठ्ठ्या निघाल्या. बाईंनी नावाप्रमाणे ढीग लावले तेव्हा ते ४० झाले. हजेरीपटावरच्या २९ व्या क्रमांकाच्या मुलीवर एकही चिठ्ठी नव्हती. वर्गप्रमुख आणि तिची मैत्रीण यांना बोलावून बाईंनी तिच्यावर काहीतरी लिहायला सांगितले. दोघींनी बराच वेळ विचार केला. शेवटी वर्गप्रमुख म्हणाली, "बाई, काय लिहायचं? ती काही करतच नाही."

सहा वर्षे एका वर्गात, खिडकीजवळच्या त्याच बाकावर बसलेल्या मुलीविषयी ही माहिती. तिच्याशी कुणाचे वैर नव्हते, तिचा कुणाला कंटाळाही नव्हता. मुलींना तिच्यात हसण्यासारखे काही सापडत नव्हते, कारण तिच्याकडे कुणी कधी पाहिलेच नव्हते. बाईंनी उपदेश केला नाही. चार दिवस मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून डबा खा, एवढेच सांगितले.

पहिल्या दिवशी तिने दोघींना हवामानाविषयी विचारले. दुसऱ्या दिवशी लोणचे दिले. तिसऱ्या दिवशी वर्गप्रमुखाला तिच्या कंपासपेटीत खडूचे सात-आठ तुकडे दिसले आणि गुपित बाहेर आले. राजवाड्याकडून शाळेत येताना वाटेतल्या दुकानांच्या फळ्यांवर आणि भिंतींवर जेथे ह्रस्वदीर्घाची चूक दिसेल तेथे ती खडूने दुरुस्ती करीत असे. मराठी असो वा हिंदी, भेदभाव नाही. एका दुकानदाराने तिला पूर्वी एकदा रागावून हाकलले होते. त्यानेच पुढे नवी पाटी रंगवण्याआधी मजकूर तिला दाखवला. दोघी त्या सुट्टीत इतक्या हसल्या की घंटा झालेली त्यांना ऐकू आली नाही.

चिठ्ठी तयार झाली: 'हिचे लग्न ठरेल, पण पत्रिकेत आशिर्वाद असे छापलेले पाहून ही मुहूर्त पुढे ढकलील.' समारंभात ती वाचली गेली. मुलगी उठली, व्यासपीठावर आली, तिने पागोटे घातले, चिठ्ठी हातात घेतली आणि क्षणभर वाचून निवेदिकेकडे पेन्सिल मागितली. दोघींनी घाईत 'मुहूर्त' मधला हू ह्रस्व लिहिला होता. तिने तो दुरुस्त केला, समासात शुद्ध रूप लिहिले आणि चिठ्ठी परत दिली. त्या दिवशी सभागृहात जो हशा झाला तो शेजारच्या प्राथमिक शाळेपर्यंत गेला आणि तेथले गुरुजी चौकशीसाठी आले, असे सांगतात.

रात्री रजिस्टर पूर्ण करताना बाईंच्या समोर ती चिठ्ठी आली. समासातला एकच शब्द, किंचित डावीकडे झुकलेले अक्षर. हे अक्षर चार दिवसांपूर्वी पाहिल्याचे त्यांना आठवले. त्यांनी साऱ्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. ९३ पैकी ३१ त्याच अक्षरात होत्या, त्याही ३१ वेगवेगळ्या मुलींवर, आणि एकीतही ह्रस्वदीर्घाची चूक नाही. यमराजाची चिठ्ठी त्यांत होती. भाजी चिरून राहणारीही त्यांत होती. जिच्यावर लिहायला वर्गाला काही सुचले नाही, तिने बहुतेक सगळा वर्ग लिहून ठेवला होता.

बाईंनी हे कुणालाही सांगितले नाही, कारण निनावीपणा हा डब्याचा धर्म. ३६ वर्षे हे केवळ रजिस्टरात राहिले. येथे ते उघड होत आहे ते २९ व्या क्रमांकाच्या परवानगीने. १९७९ च्या वर्गातल्या २२ जणी आज आल्या आहेत आणि यमराज कुणी लिहिला यावर काल रात्रीच्या जेवणातही त्यांच्यात वाद झाला, असे कळते. तो वाद मिटला असे समजावे. तिचे लग्न झाले का आणि पत्रिका शुद्ध होती का, हे तिलाच विचारावे. ती मधल्या रांगेत बसली आहे आणि आजच्या कार्यक्रमपत्रिकेत तिने पेन्सिलीने दोन खुणा आधीच केल्या आहेत.

पुढच्या वर्षी बाईंनी सोडत सुरू केली. प्रत्येकीने डब्यातून एक नाव उचलायचे आणि त्या मुलीवर एक तरी चिठ्ठी लिहायचीच. कुणी रिकामे राहू नये हा हेतू साधला, पण विनोद मेला. 'ही फार चांगली मुलगी आहे' अशा अकरा चिठ्ठ्या आल्या. बाईंनी अकराही नामंजूर केल्या. कारण लिहिले आहे: 'यात मुलगी नाही.' तेव्हापासून सोडत समारंभाच्या आधी एक महिना होऊ लागली आणि नाव निघेल तिच्याशेजारी आठवडाभर डबा खाणे सक्तीचे झाले. चिठ्ठी लिहिण्याची सक्ती उरली नाही, आणि आश्चर्य असे की चिठ्ठ्या वाढल्या.

आता काळ पालटला आहे. इंदुरात मराठी माध्यम निवडणारी घरे कमी झाली आणि यंदाच्या शेवटच्या वर्गात ९ मुली आहेत. नऊ जणींत निनावी असे काही राहत नाही. चिठ्ठी उघडण्याआधीच कागदावरून लेखिका कळते. मुलींनी छापील चिठ्ठ्यांची परवानगी मागितली, ती दिलेली नाही. काही पालकांनी अशी थट्टा आजच्या दिवसांत योग्य आहे का, असे लेखी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. मोबाइलवर निमिषात शंभर जणांपर्यंत जाणारी थट्टा आणि समोर उभे राहून ऐकली जाणारी थट्टा यांत अंतर असले, तरी दोन्ही लागतात त्या एकाच जागी. त्या पालकांना एवढेच सांगायचे आहे, की चिठ्ठ्या लिहिण्याआधी दरवर्षी मुलींना रजिस्टरातले एक पान वाचायला दिले जाते. त्यावर यमराज नाही. तांबड्या शाईतले दोन शब्द आहेत.

आज मात्र डबा माजी विद्यार्थिनींसाठी आहे. जुन्या भविष्यांचे पुढे काय झाले, हे ज्या-त्या वर्गाने लिहून टाकावे; तिसऱ्या रजिस्टरात त्यासाठी चाळीस पाने कोरी ठेवली आहेत. मेजावर कागद आहेत आणि पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे, कारण पेन नेणारी विद्यार्थिनी आजही उपस्थित आहे. डबा सायंकाळी पाचला बंद होईल. नाव घालण्याची आवश्यकता नाही. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, चष्मा नुकताच बदलून घेतला आहे आणि प्रत्येक चिठ्ठी आधी त्यांच्याकडे जाईल.